तुतनखामेन सोडून आणखी कुठल्या फॅरोचा न लुटलेला खजिना सापडला आहे का? त्यात काय होतं?

सापडला आहे, आणि काटेकोर बोलायचं तर तुतनखामेनपेक्षाही अस्पर्श. तुतनखामेनच्या कबरीत दफनानंतर थोड्याच काळात चोर दोनदा शिरले होते. फोडलेली दारं पुन्हा लिंपून त्यांवर शिक्के मारल्याच्या खुणा ती शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरला १९२२ मध्ये स्पष्ट दिसल्या. आतल्या एका पेटीत फडक्याला गाठ मारून बांधलेल्या आठ सोन्याच्या अंगठ्याही निघाल्या. एवढी बांधलेली गाठ मागे राहिली, पण बरेच दागिने चोरांनी बाहेर नेले होते.

चोरांचा हातच लागला नाही असा फॅरो म्हणजे सुसेनेस पहिला. एकविसावं राजघराणं, इ.स.पू. १००० च्या आगेमागे. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात तानिस नावाचं शहर होतं, तिथे देवळाच्या आवारातच जमिनीखाली राजांच्या कबरी होत्या. फ्रेंच संशोधक पिएर माँते तिथे १९२९ पासून खणत होता. १९३९ मध्ये कबरी लागल्या आणि १९४० च्या सुरुवातीला सुसेनेसची खोली उघडली. युरोपात तेव्हा महायुद्ध पेटलेलं, मे महिन्यात तर जर्मन फौजा फ्रान्समध्येच घुसल्या. राजाच्या दागिन्यांची बातमी वाचायला कोणाला सवड होती? तुतनखामेनचं नाव शाळेतल्या पोरांनाही माहीत आणि सुसेनेसचं कोणालाच नाही, याला मुख्यतः हेच कारण आहे असं मला वाटतं.

त्रिभुज प्रदेशातल्या ओलीने लाकूड, कापड आणि राजाची ममीही कुजून गेली, उरली फक्त हाडं. धातू आणि दगड मात्र टिकले. बाहेर लालसर ग्रॅनाइटची प्रचंड पेटी, तिच्यात काळ्या ग्रॅनाइटची, तिच्यात चांदीची मानवाकृती शवपेटी, आणि आत सोन्याचा मुखवटा. बोटांवर सोन्याच्या टोप्या, पायांत सोन्याच्या चपला, गळ्यात एकावर एक जड हार.

चांदी त्या काळी सोन्यापेक्षा महाग होती, असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. ते फार जुन्या काळाबद्दल खरं आहे. सुसेनेसच्या वेळेपर्यंत सोन्याने चांदीला मागे टाकलं होतं. तरीही चांदी बाहेरून आणावी लागे आणि ओलसर मातीत ती सहज खराब होते, त्यामुळे इजिप्तमध्ये अशी शवपेटी अगदी विरळाच. देवांचं मांस सोन्याचं आणि हाडं चांदीची, ही तिथली समजूतही त्यामागे असणार.

मला या खजिन्यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती त्यातला जुना माल. लाल ग्रॅनाइटची पेटी मुळात मेरनेप्ताहची, म्हणजे दुसऱ्या रामसेसच्या मुलाची. सुसेनेसच्या दोनेकशे वर्षं आधी तो दक्षिणेकडच्या थीब्झ शहराजवळ, राजांच्या दरीत पुरला गेला होता. त्याची पेटी पार उत्तरेला तानिसला आणली, नावं खोडून सुसेनेसची कोरली, पण एका ठिकाणचं नाव तसंच राहिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला आकाशदेवी नूत कोरलेली आहे, खाली निजलेल्या राजाकडे तोंड करून. काळी पेटीही अशीच कुणा जुन्या सरदाराची. थीब्झचे पुरोहित तेव्हा जुन्या राजांच्या ममी हलवून लपवत होते, आणि हलवताना त्यांच्या अंगावरचं सोनं सरकारजमा होत होतं. सुसेनेसचा बाप पिनेजेम तिथलाच मुख्य पुरोहित! त्याने स्वतःसाठीही पहिला थुतमोस या जुन्या राजाची शवपेटी वापरली. म्हणजे स्वतः न लुटला गेलेला हा राजा दुसऱ्यांच्या लुटीवर निजला होता.

मुखवटाही जरा जवळून बघण्यासारखा. ठोकलेल्या सोन्याचे दोन भाग, पाच खिळ्यांनी जोडलेले. तुतनखामेनच्या मुखवट्यासारखी रंगीत जडवणूक नाही, डोळ्यांपाशी थोडी काच आणि लाजवर्द हा गडद निळा दगड, बाकी सगळं सोनं. मला तरी हाच चेहरा जास्त आवडतो. लाजवर्दाच्या एका हारातल्या मण्यावर चक्क कीलाक्षरी, म्हणजे मेसोपोटेमियातल्या खिळ्यांसारख्या लिपीतला मजकूर आहे: तिथल्याच एका असिरियन वजिराने आपल्या मुलीसाठी देवांना तो मणी वाहिला होता.

त्याच कबरीत शेजारच्या खोलीत पुढचा राजा अमेनेमोपे होता. त्याचं एक सोन्याचं कडं सप्टेंबर २०२५ मध्ये कैरोच्या संग्रहालयाच्या दुरुस्ती विभागातून चोरीला गेलं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार चोर आतलाच माणूस होता आणि कडं वितळवून टाकलं गेलं. किंमत आली सुमारे चार हजार डॉलर. तीन हजार वर्षं जमिनीखाली सुखरूप होतं हो ते.

कैरोला जाणार असाल तर लक्षात ठेवा: तुतनखामेनच्या वस्तू आता गिझाजवळच्या नव्या मोठ्या संग्रहालयात आहेत, पण तानिसचा खजिना तहरीर चौकातल्या जुन्याच इमारतीत आहे. नुसतं नवं बघून परत आलात तर सुसेनेस राहून जाईल.