चुलत्यांना परदेशातल्या युद्धात पकडून नेलं, नऊ वर्षं पत्ता नाही. उदगीरच्या सातबाऱ्याला वारस लागतील का?

लागतील, पण सात वर्षं उलटली म्हणून तलाठी आपोआप फेर (सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद) धरत नाही. आधी दिवाणी न्यायालयाचा मृत्यू-घोषणेचा हुकूमनामा घ्या. आधार भारतीय साक्ष्य अधिनियम 2023, कलम 111 (जुनं कलम 108): ज्यांना एरवी खबर मिळाली असती त्यांनाच सात वर्षं ती नसेल, तर माणूस जिवंत असल्याचं सिद्ध करणं तसं म्हणणाऱ्यावर येतं. दाव्यात शोधाचे कागद जोडा:

- पोलीस ठाण्यातली बेपत्ता नोंद
- परराष्ट्र मंत्रालयाशी पत्रव्यवहार
- भारतीय रेडक्रॉसमार्फत आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे केलेला शोध-अर्ज

रेडक्रॉसचा हा शोध-अर्ज जवळच्या नातेवाइकाने करायचा, फुकट असतो. एजंट मध्ये घालू नका. नावाचं स्पेलिंग पासपोर्टवरचंच लिहा. वडिलांचं नाव आणि आडनाव यांचा क्रम बदलला की कैद्यांच्या यादीत माणूस सापडत नाही, आणि आपल्याकडे हे हमखास होतं. हुकूमनाम्यानंतर मृत्यूनोंद, गाव नमुना 6-क मध्ये वारस, मग फेरफार. मात्र कायदा मृत्यू गृहीत धरतो, त्याची तारीख नाही. पकडलं त्याच दिवशी गेले असं आपोआप मानलं जात नाही. त्यामुळे मध्येच हप्ते थांबलेल्या विम्याचा दावा अडकू शकतो.