फोर बाय फोरचा दांडा आणि अर्धवट बसणारा लो

प्रश्न (गुहागरहून एक वाचक): दादा, माझी जुनी महिंद्राची एमएम ५४० जीप आहे. इंजिन तेच आहे पण चार गिअरच्या जागी पाच गिअरची पेटी बसवली, मध्ये अडॅप्टर प्लेट आली आणि ट्रान्सफर केस (इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) साधारण ११० मिलिमीटर मागे गेली. आता दोन्ही दांडे मूळ खाचेतून येत नाहीत म्हणून गॅरेजवाल्याने दांडे पुढे वेगळ्या पट्टीवर बसवले आणि तिथून केसपर्यंत सळ्या टाकल्या. फोर व्हील पडतं, पण लो (केसमधला हळू, जास्त जोराचा गिअर) कधी पडतो कधी अडकतो, आणि पडला तर उतारावर आपोआप सुटतो. गॅरेजवाला म्हणतो केसमधली लॉकची गोळी काढून टाकू म्हणजे मोकळं होईल. काढू का?

उत्तर: नको. गोळीला हात लावायचा नाही, हे आधीच सांगतो कारण तुम्ही पत्र पोचायच्या आत केस उघडाल अशी भीती वाटते.

ही गोळी काय करते ते बघा. तुमच्या केसच्या आत दोन वेगळ्या सळ्या (गॅरेजात रेल म्हणतात, मीही रेलच म्हणतो, सळी म्हणजे बाहेरची) शेजारी-शेजारी सरकतात, एक पुढच्या अॅक्सलची आणि दुसरी हाय-लोची, आणि दोघींच्या मध्ये ही छोटी गोळी असते. पुढची रेल फोर व्हीलमध्ये पूर्ण बसली की तिची खाच गोळीसमोर येते, गोळी त्यात सरकते आणि मगच दुसरी रेल लोकडे जायला मोकळी होते. म्हणजे पुढचा अॅक्सल जोडल्याशिवाय लो पडायचाच नाही, अशी ती व्यवस्था आहे, कारण लोमध्ये टॉर्क अडीच पटीच्या आसपास वाढतो आणि तो सगळा एकट्या मागच्या अॅक्सलवर आला तर क्रॉस (प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यातला) किंवा एक्सल शाफ्ट तुटतो.

आता तुमचं दुखणं यातच आहे. फोर व्हील “पडतं” असं तुम्हाला वाटतं कारण दात थोडे अडकले की पुढची चाकं ओढायला लागतात, पण रेल शेवटपर्यंत गेलेली नसते, खाच गोळीसमोर आलेली नसते, म्हणून लो अडकतो. आणि लोची रेलही अर्धवटच जाते म्हणून उतारावर सुटते. गोळी दोषी नाही, सळीची चाल कमी पडतेय.

चाल का कमी पडते? दांड्याचा पिव्हट (ज्या पिनवर दांडा फिरतो ती) आणि खाली सळी जिथे जोडलीय ते भोक यांच्यातलं अंतर मोजा. समजा मूळ दांड्याला हे ६० मिलिमीटर होतं आणि नवीन जागी बोगद्याला (मधल्या उंचवट्याला) लागतं म्हणून वेल्डिंगवाल्याने ४५ वर भोक पाडलं, तर हातात दांडा तेवढाच फिरतो पण खाली सळी पाऊणच सरकते. रेलला २४ हवे असतील तर १८ मिळतात. त्यात प्रत्येक पिनला अर्धा मिलिमीटर ढिलेपणा धरला तर चार पिनांत २ मिलिमीटर गेले, राहिले १६. आणि सळी सायलेन्सर चुकवायला वाकवली असेल तर ती जोर पडल्यावर स्प्रिंगसारखी लवते, तिथेही थोडं जातं. (वाकडी सळी टाळताच येत नसेल तर जाड पाइप वापरा, नाहीतर मध्ये बेलक्रँक (कोपऱ्यावर फिरणारा एल आकाराचा तुकडा) टाकून वळण घ्या, दोन्ही हात सारख्या लांबीचे ठेवले तर चाल तेवढीच राहते.)

म्हणून काम उलट्या दिशेने करा. आधी केस, दांडा शेवटी. केसच्या बाजूने सळी सोडा, गाडी सपाट जागी चाकांना उटी लावून उभी करा, आणि रेल थेट हाताने किंवा छोट्या पहारीने सरकवा, दात समोर येत नसतील तर उटी काढून गाडी जराशी ढकलून घ्या (ढकलताना केसखाली कोणी नको). आत बॉल आणि स्प्रिंग आहे, प्रत्येक जागी “टक्” असं हाताला कळतं. प्रत्येक टक्ला रेलवर मार्करने खूण करा, कानशीने नको, नाहीतर सीलची वाट लागेल. व्हर्नियरने अंतर लिहून ठेवा. मग दांड्याची बाजू या आकड्याला जुळवा, भोक कुठे पाडायचं ते त्यावरून ठरेल. जोडून झालं की खूण परत येते का बघा, आणि दांडा फ्लोअरच्या खाचेच्या पत्र्याला किंवा सीटला टेकायच्या आधी रेल टक् व्हायला हवी, हे सगळ्यात महत्त्वाचं. दांडा आधी टेकत असेल तर फ्लोअरची खाच वाढवा किंवा दांडा वाकवा, सळी नको.

सळी आणि रेल शक्यतो एका रेषेत ठेवा, तिरकी ओढली तर रेल एका बाजूला घासते, सील जातं आणि तेल गळायला लागतं. मधल्या चालीत सळी आणि दांड्याचा खालचा हात काटकोनात असावा.

दुसरी गोष्ट, दांड्याचा पिव्हट कुठे बसवलाय? तुमच्या वर्णनावरून फ्लोअरवर किंवा चासीवर वाटतो. तिथून काढा. इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस हे एकच जुडगं आहे आणि ते फाउंडेशनच्या रबरावर डुलतं, चासी डुलत नाही, त्यामुळे जोर पडला की सळीच रेलला ओढते आणि तुमचा लो सुटतो. पिव्हटची पट्टी गिअरबॉक्सच्या किंवा केसच्या बोल्टवर घ्या म्हणजे सगळं एकत्र डुलेल. तपासायचं असेल तर खाली मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवा, माणूस अजिबात खाली नको, लोमध्ये ब्रेक दाबून क्लच हलकासा सोडा, मग रिव्हर्समध्ये तसंच. व्हिडिओत सळी किती हलते ते दिसेल. फाउंडेशनची रबरं जुनी असतील तर तीही बदला.

हे सगळं मी कळवळून लिहितोय कारण असा अर्धा बसलेला लो मी ओल्या पाणंदीवर सुटताना पाहिलाय. उतारावर आपण लोच्या इंजिन ब्रेकवर विसंबतो आणि तो सुटला तर केस न्यूट्रलमध्ये जाते, इंजिन आणि चाकं वेगळी होतात आणि गाडी एकदम धावते. गिअर टाकून गाडी उतारावर लावली तरी तेच, केस न्यूट्रलमध्ये असेल तर गिअरचा काही उपयोग नाही. तोवर घाटात लो वापरू नका.

जाता जाता, केस मागे गेली म्हणजे मागचा प्रॉपेलर शाफ्ट आखूड झाला आणि त्याचा कोन वाढला, तोही बघून घ्या. कापला असेल तर बॅलन्स करून घ्या. आणि ट्रायल पुळणीवर घेऊ नका, नोव्हेंबरपासून कासवं अंडी घालायला येतात. पक्क्या रस्त्यावरही नको, फोर व्हीलमध्ये शाफ्ट आवळले जातात आणि दांडा बाहेर येत नाही, मग तुम्हाला वाटेल लिंकेजच बिघडलं. ओला मळा उत्तम.

प्रश्न (मालवणहून): सळीऐवजी बोटीच्या गिअरची केबल टाकली तर चालेल काय? इथे सहज मिळते.

उत्तर: चालते, आणि मालवणला ती सहज मिळणारच. ढकल-ओढ दोन्ही करणारी केबल घ्या, क्लचची नको, ती फक्त ओढते. नेहमीच्या बोटीच्या केबलला ३ इंच चाल असते, ती पुरते, पण वळण ८ इंच त्रिज्येपेक्षा घट्ट नको, नाहीतर जड होते. सायलेन्सरपासून लांब ठेवा, आणि दोन्ही टोकं भक्कम पट्टीवर घट्ट धरा कारण बाहेरचं नळीचं आवरण सरकलं की चाल तिथेच संपते. रॉड (सळी) टाकत असाल तर रॉड एंडला (टोकाच्या फिरत्या सांध्याला) रबर बूट आणि ग्रीस हवंच, आपल्याकडे ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि वर खारा वारा, उघडा रॉड एंड एका मोसमात गच्च होतो. अॅल्युमिनियमच्या पट्टीला स्टीलचा बोल्ट तसाच लावू नका, खाऱ्या हवेत पट्टी खाल्ली जाते. एका टोकाला सरळ आणि दुसऱ्याला उलटे आटे घेतले तर सळी न काढता लांबी जुळवता येते, फक्त एम ८ ला निदान १२ मिलिमीटर आटे आत असू द्या आणि चेकनट विसरू नका.

प्रश्न (सावंतवाडीहून): जिप्सीला दुसरं इंजिन बसवतोय, पिव्हट गिअरबॉक्सवर घेऊ ना?

उत्तर: जिप्सीला नको. तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, वेगळ्या रबरांवर चासीला टांगलेली असते आणि मध्ये छोटा शाफ्ट असतो. दोन्ही वेगवेगळे डुलतात, म्हणून दांडा मूळ जागी म्हणजे केसवरच ठेवा. हात पुरत नसेल तर वरचा दांडाच वाकवून किंवा लांब करून घ्या. आणि इंजिन बदलायच्या आधी आरटीओची परवानगी घ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे ती आधी लागते, नंतर नाही.