अणुबॉम्बचं सामान चोरून दुसऱ्या देशात जातं तरी कसं? कस्टमवाल्यांना कळत नाही का?

तुम्ही विचारलंय की पाकिस्तानच्या ए. क्यू. खानने अणुबॉम्बची टेक्नॉलॉजी इराण, लिबिया, उत्तर कोरियाला विकली तेव्हा एवढं सगळं पोर्टवरून गेलंच कसं, आणि पकडलं गेल्यावर पुढे काय झालं. मी सायंटिस्ट वगैरे नाही हं, आधीच सांगतो. इंदूरजवळ पीथमपूरला व्हॉल्वच्या फॅक्टरीत एक्सपोर्टचे कागद बघतो, म्हणून मला ही सगळी भानगड कागदांच्या बाजूनेच दिसते. (इंदूरात कॅट या नावाने ओळखलं जाणारं अणुऊर्जा खात्याचं संशोधन केंद्र आहे म्हणून पुण्याचे नातेवाईक दर लग्नात विचारतात, तुमच्याकडे बॉम्ब बनतो का रे? नाही हो, तिथे लेझर आणि ॲक्सिलरेटर आहेत.)

तर, बॉम्ब कोणी विकतच नाही, विकले जातात पार्ट. खाणीतून निघालेल्या युरेनियममध्ये कामाचं यू-२३५ असतं जेमतेम ०.७ टक्के आणि बॉम्बला लागतं ९०च्या आसपास, ते वेगळं काढायला सेंट्रिफ्यूज लागतात, एकदोन नाही, हजारोंनी. सेंट्रिफ्यूज म्हणजे व्हॅक्यूम केलेल्या खोळीत उभी असलेली एक नळी, खाली सुईसारख्या पिनवर टेकलेली, वरून मॅग्नेटने धरलेली, आणि मिनिटाला साठ हजारांच्या वर फिरणारी. आपल्या घरातल्या ५० हर्ट्झवर ती मोटर तेवढी पळणार नाही, म्हणून फ्रिक्वेन्सी वाढवणारे इन्व्हर्टर पाहिजेत. आता बघा, नळी, मॅग्नेट, पिन, इन्व्हर्टर, व्हॅक्यूम पंप, व्हॉल्व, यातलं बॉम्बसारखं दिसणारं काय आहे? १९७८ साली ब्रिटनमधून पाकिस्तानला असेच इन्व्हर्टर गेले, कापड गिरणीसाठी पाहिजेत असं सांगून. आम्ही मिलवाल्या शहरातले लोक, पण आम्हालाही तेव्हा ते खरंच वाटलं असतं. शेवटी तिथल्या पार्लमेंटमध्ये एका खासदाराने प्रश्न विचारला तेव्हा आरडाओरड झाली, तोपर्यंत माल पोचलेला.

खान मूळचा भोपाळचा, जन्म १९३६, १९५२ला पाकिस्तानात गेला. १९७२ पासून ॲमस्टरडॅमच्या एका लॅबमध्ये नोकरीला होता, ती लॅब युरेन्को या युरेनियमवर काम करणाऱ्या युरोपियन कंपनीचं काम करायची आणि याच्याकडे सेंट्रिफ्यूजच्या जर्मन कागदांचं भाषांतर आलं, म्हणजे चोराच्याच हातात किल्ल्या. सोबतच्या एका माणसाने वर सांगितलंही होतं की याचं काहीतरी गडबड आहे. १९७५च्या डिसेंबरात हा सुटीवर म्हणून गेला तो परत आलाच नाही, पुढे पाकिस्तानात कहूटाला सेंट्रिफ्यूजचा प्लांट उभा केला. सगळ्यात मोठी किल्ली ड्रॉइंगपेक्षा सप्लायरांची यादी होती असं माझं मत आहे. ड्रॉइंग बघून बनवायला वेळ लागतो हो, पण कुठल्या गावातला कुठला कारखाना कोणता पार्ट देतो हे माहीत असलं की नुसती ऑर्डर टाकायची.

नंतर त्याने तेच उलटं फिरवलं, घेणाऱ्याचा विकणारा झाला. दुबईत ताहिर नावाचा त्याचा माणूस, मलेशियातल्या कारखान्यात पार्ट बनायचे, दुबईत खोके बदलायचे आणि पुढे लिबिया. ऑक्टोबर २००३ मध्ये बीबीसी चायना नावाचं जहाज इटलीत तारांतोला वळवलं आणि त्यात सेंट्रिफ्यूजचे पार्ट सापडले, डिसेंबरात लिबियाच्या गद्दाफीने बॉम्बचा नाद सोडल्याचं जाहीर केलं. लिबियाने मग जे कागद दिले त्यात बॉम्बचं डिझाईनही होतं, आणि ते इस्लामाबादच्या एका टेलरच्या पिशवीत भरून आलं होतं! काही कागद चिनी भाषेत. मला तर या सगळ्यात ती पिशवीच जास्त लक्षात राहिलीय.

कस्टमचं म्हणाल तर कस्टम इन्व्हॉइस बघतं, शेवटी वापरणारा कोण ते त्या खोक्यावर लिहिलेलं नसतं. आता आपल्याकडे स्कोमेट म्हणून लायसन्सशिवाय एक्सपोर्ट न करता येणाऱ्या मालाची लिस्ट आहे, काही व्हॉल्व, पंप, खास स्टील, इन्व्हर्टर त्यात येतात, लायसन्स डीजीएफटीकडून, म्हणजे सरकारच्या परदेश व्यापाराच्या ऑफिसकडून, आणि एंड यूजर सर्टिफिकेट लागतं. आमच्याकडे एकदा दुबईच्या एका जनरल ट्रेडिंगवाल्याची चौकशी आली, बेलोज सील व्हॉल्व (जराही न गळणारे), ॲडव्हान्स पेमेंट, भावाची घासाघीस शून्य. मालक खूश, म्हणे अरे भिया, असं गिऱ्हाईक रोज मिळतं का. मी फक्त विचारलं की शेवटी कुठल्या प्लांटला लागणार, नाव-पत्ता द्या. परत मेलच आला नाही. असेल कोणी साधा दलालही, पण घासाघीस न करणारा गिऱ्हाईक दिसला की मी आधी कागद मागतो.

आणि आपण फार सोवळे आहोत असंही नाही बरं. १९७४च्या पोखरणच्या अणुस्फोटाचं प्लुटोनियम (युरेनियमऐवजी चालणारा बॉम्बचा दुसरा माल) कॅनडाने दिलेल्या सायरस रिॲक्टरमधून आलं, शांततेच्या कामासाठी म्हणून दिलेला. त्यावरूनच एनएसजी हा सप्लायर देशांचा ग्रुप उभा राहिला, आणि आज मी ज्या याद्यांशी रोज डोकं लावतो त्यांचं मूळ तिथेच आहे.

बरं, कुणाला काहीच कळलं नाही असंही नाही. हॉलंडचे माजी पंतप्रधान लुबर्स २००५ मध्ये म्हणाले की सीआयएने खानला पकडू नका असं सांगितलं होतं, लक्ष ठेवू म्हणून. ८०च्या दशकात अफगाणिस्तानमुळे अमेरिकेला पाकिस्तान पाहिजे होता, मग कोण बोलतंय.

पुढे काय झालं? ४ फेब्रुवारी २००४ला खानने टीव्हीवर कबुली दिली, दुसऱ्याच दिवशी मुशर्रफने माफी दिली. घरात नजरकैद, २००९ला तीही उठली, २०२१ मध्ये कोविडच्या आजारपणानंतर गेला. ताहिरला मलेशियाने २००८ मध्ये सोडलं, कोर्टात खटला न चालवताच. स्वित्झर्लंडमधलं टिनर नावाचं बापलेकांचं कुटुंब यात होतं, ते पुढे सीआयएलाही मदत करत होते, त्यांच्या फायली तर स्विस सरकारनेच नष्ट केल्या. पण त्यांच्या कॉम्प्युटरवर बॉम्बची डिझाईन सापडली होती, आणि त्या फाईलच्या कॉप्या आणखी कुठे गेल्या असतील ते कुठल्याही पोर्टवर खोकं उघडून दिसणार नाही.