एमबीआर घेताना: फ्लॅट शीट की होलो फायबर?

सोसायटीच्या १५० केएलडी (दिवसाला दीड लाख लिटर) एसटीपीसाठी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटसाठी, तुमच्याकडे एमबीआरची (बारीक छिद्रांच्या मेंब्रेननं, म्हणजे पडद्यानं, गाळ वेगळा करणारी पद्धत) दोन कोटेशनं आलीत, एक फ्लॅट शीटचं (सपाट पडदे), दुसरं होलो फायबरचं (पोकळ तंतू). दोघांनीही आउटलेटचा बीओडी (पाण्यात उरलेल्या सेंद्रिय घाणीचं माप) ५ मिग्रॅ/लिटरच्या आत लिहून दिलाय, मग निवड कशावरून करायची, असं तुम्ही विचारलंय.

बीओडीवरून करूच नका. दोन्ही प्रकारच्या मेंब्रेनची छिद्रं साधारण ०.०४ ते ०.४ मायक्रॉनची असतात, त्यातून गाळ जातच नाही. मेंब्रेन शाबूत असेल तर पाणी दोन्हीकडे स्वच्छच येणार. खरा फरक ते ओढायला सक्शन किती लागतं आणि वर्षभरात ते किती चढतं, यात असतो.

आधी मेंब्रेनचं क्षेत्रफळ विचारा. नऊ मिनिटं ओढायचं आणि एक मिनिट थांबायचं, या चक्रात पंप दिवसाला २१.६ तास चालतो, म्हणजे तासाला सुमारे ७,००० लिटर. चौरस मीटरमागे ताशी १५ लिटर फ्लक्स धरला तर ४६० चौरस मीटर लागतात, २५ धरला तर २८०. कोटेशन स्वस्त दिसतंय ते बऱ्याचदा इथंच, आणि तो वाचलेला पैसा पुढे वारंवारच्या सीआयपीत (मेंब्रेन जागेवरच रसायनांनी धुणं) जातो.

होलो फायबरचा वैरी म्हणजे केस. मॉड्यूल वर काढलं की तंतू जिथं एकत्र बांधलेले असतात तिथं केस आणि कपड्यांचे धागे गुंतून घट्ट वेणी झालेली दिसते. फवाऱ्यानं ती सुटत नाही. हातानं सोडवायला गेलं की तंतू तुटतात. म्हणून १ ते २ मिमीची, गोल भोकांची स्क्रीन हवीच. लांबट खाचांतून केस आडवा न होता सरळ निघून जातो. फ्लॅट शीटला ३ मिमी चालते, पण बहुतेक फ्लॅट शीटना बॅकवॉश (उलट्या दिशेनं पाणी सोडून धुणं) देता येत नाही, प्लेटांच्या मधे गाळ बसतो आणि तो हलता ठेवायला हवाही जास्त लागते. वीजबिल ही हवा सोडणारा ब्लोअरच वाढवतो, त्यामुळे मेंब्रेनच्या हवेचा आकडा वेगळा लिहून घ्या.

ऑपरेटर वरचेवर बदलत असतील, तर मी फ्लॅट शीट घेईन. जाणता माणूस कायम असेल आणि जागा कमी असेल, तर होलो फायबर.

दोघांचाही तीन वर्षं चाललेला प्लांट बघून या आणि सक्शन प्रेशरची नोंदवही मागा. तुलना सारख्याच फ्लक्सला आणि सारख्याच तापमानाला करा. ३० अंशांचं पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा जवळपास २० टक्के पातळ असतं, त्यामुळे मे महिन्याचे आकडे डिसेंबरपेक्षा उगाचच छान दिसतात. एमएलएसएस (टाकीतल्या गाळाचं प्रमाण) ८ ते १२ हजार मिग्रॅ/लिटरमध्ये आहे का तेही पाहा. एवढ्या दाट गाळावर जारमधली सेटलिंगची चाचणी काही सांगत नाही. तोच गाळ फिल्टर पेपरमधून पाच मिनिटांत किती गळतो, हे दर आठवड्याला लिहून ठेवलेलं असेल तर तो ऑपरेटर कामाचा आहे.

आणि कोणतंही घेतलंत तरी सीआयपीचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि सायट्रिक ॲसिड यांच्या टाक्या, पाइप वेगळे ठेवायला लावा. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बेसमेंटमधल्या एसटीपीत तो जिवावर बेततो.