घरी पंपकिन स्पाइस लाटे (भोपळ्याच्या मसाल्याची दुधाळ कॉफी) करताना साखरेऐवजी गूळ घातला तर तो पौष्टिक होईल का?

नाही. आता सविस्तर सांगतो, कारण याच गुळावरून आमच्या घरात कित्येक वर्षं वाद चालू आहे.

आमचे दाजी लातूरकडचे. स्वतःचा ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ आणि शुगरची गोळी चालू. दिवाळीला अंबाजोगाईला आले तेव्हा भाचीला हाच लाटे प्यायचा होता. मी डांगराच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, फोडी पाणी न घालता कुकरच्या डब्यात वाफवल्या, गर चाळणीतून घासून काढला आणि थोड्या तुपावर परतला. त्यानं उग्र वास जातो. कपाला दोन चमचे गर पुरे, जास्त घातला तर खीरच. दालचिनी, सुंठ आणि एक लवंग कुटली, जायफळ दुधाच्या थेंबावर सहाणेवर उगाळलं. हे सगळं दुधात घालून उकळी येते न येते तोच दाजींनी पिशवीतली ढेप काढली आणि मोठा खडा फोडून थेट पातेल्यात टाकला. आधी कडेनं बारीक कण दिसले, मग मधोमध पिवळट पाणी वर आलं. गुळात आंबटपणा असतो, क्षार असतात, उकळतं दूध त्यानं फाटतं. पण गुऱ्हाळवाल्याला हे सांगणार कोण? "दूधच नासकं असंल," म्हणाले. जावई माणूस, आईनं मला डोळ्यांनीच गप्प केलं.

दुसऱ्या पातेल्यात गूळ गॅस बंद करून, दूध जरा निवल्यावर घातला. नीट झालं. दाजींनी दोन कप घेतले, वर मलाच समजावलं, "गुळानं शुगर वाढत नसती बघ. रानातलं हाय ते."

अहो, साखरही रानातल्याच उसाची! गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. लोह असतं थोडं, पण कपातल्या चमचाभर गुळातून ते मिळून मिळून किती मिळणार? बाहेरचा लाटे वाईट ठरतो तो गोडामुळेच. अमेरिकेत स्टारबक्स या कॉफीच्या दुकानांच्या साखळीत मिळणाऱ्या या लाटेच्या मधल्या मापाच्या पेल्यात, दुधातली धरून, सुमारे ५० ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे ५० ग्रॅमच्या आत, जमलं तर २५ च्या आत ठेवा म्हणते. म्हणजे गूळ की साखर हा प्रश्नच नाही, चमचे मोजा. जायफळ-दालचिनी असली की एका चमच्यात भागतं.

आणि भोपळ्याचं फार कौतुक नको. स्टारबक्सनं हे पेय २००३ मध्ये काढलं तेव्हा त्यात भोपळा नव्हताच, नुसता मसाला. खरा गर २०१५ मध्ये आला. जायफळाची कॉफी आपल्याकडे लग्नघरात कधीपासून पितात, तिला कुणी लाटे म्हणत नाही एवढंच.

कॉफी कडक घ्या, कुठलीही चालेल. साय काढू नका, भोपळ्यातलं कॅरोटीन स्निग्धांशाबरोबर चांगलं शोषलं जातं. जायफळ मात्र चिमटीच्या वर नको. शुगर असेल तर गर आणि दूधही हिशेबात धरा, डॉक्टरांना विचारा.

अक्का, हे दाजींना दाखव. पुढच्या दिवाळीला ग्लुकोमीटर मी आणतो. एक दिवस साखरेची कॉफी, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वजनाच्या गुळाची. त्यांच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तर त्यांचं बोट, नाहीतर माझं.