मुलाखतीला जाण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

मुलाखतीचं बोलावणं आल्यावर तू पहिला प्रश्न विचारलास तो कपड्यांचा. त्या ठिकाणी लोक रोज जे घालतात त्याहून थोडे अधिक नीटनेटके, इस्त्री केलेले आणि आधी एकदा तरी वापरलेले कपडे घाल. नवे करकरीत बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नकोस. ते चावायला लागले की सगळं लक्ष पायांकडेच जातं. कपड्यांचं एवढं पुरे. खरी छाप पडते ती नेमक्या बोलण्याने, आणि त्याची तयारी घरीच होते.

नोकरीची जाहिरात कागदावर छापून घे. मागितलेल्या प्रत्येक कौशल्याखाली रेघ ओढ आणि त्यासमोर तू प्रत्यक्ष केलेलं एक काम लिही: अडचण काय होती, तू काय केलंस, शेवटी काय झालं. असे ५-६ प्रसंग हाताशी असले की बरेच प्रश्न निभावतात, कारण ‘ताण आला की काय करता’, ‘सहकाऱ्याशी पटलं नाही तर’ यांसारख्या प्रश्नांना त्यातलाच एखादा प्रसंग लागू पडतो. ज्या कौशल्यासमोर जागा कोरी राहील, ते कसं शिकणार याचा विचार करून जा. तिथे हमखास खोदून विचारतात.

‘मी मेहनती आहे, सगळ्यांशी जुळवून घेते’ हे जवळजवळ प्रत्येक उमेदवार म्हणतो. ऐकणाऱ्याला त्यातून टिपून घेण्यासारखं काही मिळत नाही. त्याऐवजी असं काही सांग: ‘ग्रंथालयाच्या यादीत ४०० पुस्तकांची नोंद दोनदा झाली होती. मी यादी क्रमांकाने लावली, दुबार नोंदी वेगळ्या काढल्या आणि खोडण्याआधी ग्रंथपालांकडून तपासून घेतल्या. २ आठवड्यांत काम संपलं.’ यात आकडा आहे, तुझा वाटा आहे, आणि खोडण्याआधी तपासून घेण्याची तुझी सवय न सांगता कळते. गटाने केलेल्या कामाबद्दल बोलताना ‘आम्ही केलं’ म्हणून थांबू नकोस. लगेच ‘त्यात माझ्याकडे हा भाग होता’ असं सांग. दुसऱ्याचं काम मात्र आपल्या नावावर खपवू नकोस. दोन उपप्रश्नांत ते उघडं पडतं.

‘स्वतःबद्दल सांगा’ याचं उत्तर दीड मिनिटाच्या आत संपव. शिक्षण एका वाक्यात, या कामाच्या जवळचं जे केलं आहेस ते तीन-चार वाक्यांत, आणि शेवटी हीच जागा का हवी ते. घरी कोण कोण आहे हे तिथे नको. उत्तर शब्दशः पाठ केलंस तर एका वाक्यावर अडल्यावर पुढचं सगळंच निसटेल, म्हणून फक्त मुद्दे लक्षात ठेव. मग मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक. स्वतःचा आवाज ऐकणं नकोसं वाटेल, पण ‘म्हणजे’ किती वेळा येतं आणि वाक्याचा शेवट कुठे गिळला जातो, ते त्यातच कळतं.

एखादं उत्तर येत नसेल तर ‘हे मला माहीत नाही’ असं सरळ सांग आणि ते कसं शोधशील ते एका वाक्यात जोड. विचार करायला ५-१० सेकंद घेतलेस तरी चालतं. ठोकून दिलेलं उत्तर फार महागात पडतं, कारण मग तुझ्या खऱ्या उत्तरांवरही शंका घेतात. बायोडेटातही तसंच: आज समोर करून दाखवता येणार नाही असं सॉफ्टवेअर लिहिलं असेल तर आजच काढून टाक.

ठरलेल्या वेळेच्या १०-१५ मिनिटं आधी पोहोच. तासभर आधी गेलीस तर तुला बसवायचं कुठे हा त्यांना प्रश्न. ऑनलाइन असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेव, उजेड समोरून येऊ दे, लिंक आदल्या दिवशी उघडून पाहा आणि नेट गेलं तर फोन कुणाला करायचा तो क्रमांक जवळ ठेव.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं म्हणतात, तेव्हा ‘नाही’ म्हणू नकोस. ‘पहिल्या ३ महिन्यांत या जागेवरच्या माणसाकडून काय अपेक्षा असेल?’ असं विचार आणि उत्तर लक्ष देऊन ऐक. दुसऱ्या दिवशी आभाराचा चार ओळींचा ईमेल पाठवताना त्या उत्तरातली एखादी गोष्ट आणि तिच्याशी जुळणारं तुझं काम लिही. निकाल कधी कळेल हेही निघण्याआधी विचारून घे, म्हणजे चौकशी कधी करायची ते ठरवता येईल.

तुझा हितचिंतक