पेट्रोल पिकअपला जुनं फोर-बीटी डिझेल बसवतोय, मूळचा गिअरबॉक्स टिकेल का?

गिअरबॉक्सकडे येतोच. पण तुम्ही शेवटी लिहिलंय ना, "ओळखीचे एक जण म्हणतात डिझेलला टॉर्क भरपूर असतो, मागच्या एक्सलला हात लावायची गरज नाही", ते वाचून राहवलं नाही. असं सांगणारे गृहस्थ माझ्या घरातच आहेत. माझा मेहुणा.

त्याचा ट्रान्सपोर्टचा धंदा, त्यामुळे डिझेलवर त्याच्यापुढे कुणी तोंड उघडायचं नाही. मी भंगारात निघालेल्या डिलिव्हरी व्हॅनमधून कमिन्स कंपनीचं चार सिलिंडरचं ३.९ लिटरचं डिझेल इंजिन, म्हणजेच फोर-बीटी, काढून आणलं, तेव्हा तो खूश होता. इंजिन चांगलंच आहे, त्यात वाद नाही. १९८९ पासून डॉज रॅममध्ये आलेल्या ५.९ लिटरच्या सिक्स-बीटीतले दोन सिलिंडर कमी केले की हे. बोअर तोच १०२ मिलिमीटर, स्ट्रोक तोच १२०. मेकॅनिकल पंप, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) नाही, पंपाच्या सोलेनॉइडला एक वायर दिली की गाडी चालू. जुनं डिझेल घ्यायचं तर यासाठीच घ्यायचं. ज्यांना कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी नवी डिझेल सिस्टीम) आणि तिचं वायरिंग उचलून दुसऱ्या गाडीत बसवायची हौस आहे त्यांनी खुशाल करावं, मला त्यात जीव घालायचा नाही.

माउंटिंग झाली, अडॅप्टर प्लेट झाली, इंजिन बसलं. एक्सल मात्र पेट्रोलच्या जमान्यातलाच, ४.५६ रेशोचा, म्हणजे गिअरबॉक्समधून येणारा शाफ्ट ४.५६ वेळा फिरला की चाक एकदा फिरणार. मी म्हटलं क्राउन-पिनियन, म्हणजे हा रेशो ठरवणारी एक्सलमधली गिअरची जोडी, बदलू. मेहुणा म्हणाला, "दाजी, टॉर्क असला की रेशो कोण बघतं? आधी चालवून तर बघा." म्हटलं चल, तूच बस शेजारी.

हायवेला लागलो. टॉप गिअर, पाय तळाला टेकलेला, इंजिनाच्या फेऱ्यांवर लगाम ठेवणाऱ्या गव्हर्नरने पुढे जायला नकार दिलेला आणि काटा ताशी ७७ वर खिळलेला. मागून भरलेले ट्रक येऊन हॉर्न मारून पुढे जात होते. आवाज एवढा की शेजारी बसून ओरडून बोलावं लागत होतं, आणि त्यातही मेहुणा ओरडून मलाच सांगत होता, "पंपाची गव्हर्नर स्प्रिंग बदला! चार हजारपर्यंत जाईल!"

हा आकडा घरून निघण्याआधी कागदावर मांडता येतो, एवढंच माझं म्हणणं होतं. टायर पाऊण मीटर व्यासाचं, म्हणजे एका फेरीत साधारण २.३६ मीटर. फोर-बीटी मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या आसपास संपतं. टॉप गिअर डायरेक्ट असेल, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाच्या फेऱ्या आहेत तशाच पुढे देत असेल, तर २५०० ला ४.५६ ने भागा, चाक मिनिटाला ५४८ फेऱ्या फिरतं, ताशी साडेसत्याहत्तर किलोमीटर. पेट्रोल इंजिन पाच हजारपर्यंत ओरडत जायचं म्हणून तोच एक्सल तेव्हा चालत होता. इथे निम्म्या फेऱ्या, निम्मा वेग. यात टॉर्कचा संबंध येतो कुठे?

आणि स्प्रिंग बदलण्याबद्दल. १२० मिलिमीटर स्ट्रोक असलेल्या इंजिनात २५०० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १० मीटर असतो. चार हजारला तो १६ होतो. वॉल्व्ह स्प्रिंगा मूळच्याच, पिस्टन डिझेलचे जड. करा हवं तर. माझ्या इंजिनावर मी करू दिलं नाही.

मी ३.५५ चा क्राउन-पिनियन सेट घातला. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेज लावून बसवला, दातांना रंग लावून कॉन्टॅक्ट कुठे पडतो ते बघून शिम (पातळ चकत्या) बदलत गेलो. हे काम कंटाळवाणं आहे आणि घाईत केलं तर एक्सल आयुष्यभर कुंईऽ करत राहतो. आता २५०० ला जवळपास १०० मिळतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ताशी ६४ ला इंजिन बरोबर १६०० वर असतं, जिथे त्याचा टॉर्क सगळ्यात जास्त. मेहुण्याने भविष्य केलं होतं की लोड घेऊन चढावर मरेल. लोड त्यानेच भरला. गाडी एक गिअर खाली टाकून आरामात चढली. यावर त्याचं उत्तर: "आधीच्या रेशोत टॉपलाच चढली असती." चढली असती ना, पण चढ संपल्यावर काय?

बरं, गिअरबॉक्स. टर्बोवालं मूळ सेटिंगचं फोर-बीटी ३५० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क देतं. तुमच्या बॉक्सची क्षमता कागदावर तेवढी असली तरी मी लगेच हो म्हणणार नाही. चार मोठे सिलिंडर, बॅलन्स शाफ्ट नाहीत, आणि प्रत्येक स्फोटाचा झटका इनपुट शाफ्टवर. क्लच प्लेट डॅम्पर स्प्रिंगांची घ्या, कडक प्लेट नको. बेल हाउसिंगचं (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या खोळीचं) सेंटरिंग डायलने तपासल्याशिवाय बोल्ट आवळू नका, नाहीतर पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक धरणारं) आणि बॉक्सचं पुढचं बेअरिंग आधी जाईल आणि दोष बॉक्सला लागेल. बॉक्स कोणता ते तुम्ही लिहिलं नाहीत, त्यामुळे याहून पुढे बोलणं म्हणजे अंदाज.

काही गोष्टी राहिल्याच. डिझेलला थ्रॉटल नसल्याने मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होत नाही. व्हॅक्यूम पंप नसेल तर त्या व्हॅक्यूमवर ब्रेक हलका करणारा ब्रेक बूस्टर मेला समजा, आणि हे पहिल्या राउंडच्या आधी कळलेलं बरं. इंजिन ३४० किलोच्या आसपास भरतं, पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतील. इंजिन खाली आहे तोवर टायमिंग केस (पुढच्या गिअरांचं झाकण) उघडून आतल्या लोकेटिंग डॉवेल पिनला, म्हणजे भाग जागेवर धरणाऱ्या छोट्या खिळीला, पट्टी मारून घ्या. या सिरीजच्या जुन्या इंजिनांत ती पिन सैल होऊन गिअरांत पडते. पहिल्यांदा स्टार्ट करताना इनटेकचं तोंड झाकेल अशी सपाट फळी हाताशी ठेवा. टर्बोचं सील गेलेलं असेल तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं आणि किल्ली काढून थांबत नाही. हाताने तोंड दाबायचं धाडस नको.

इंजिन बदलायची परवानगी आणि धुराचे नियम खरेदीच्या आधी बघा, नंतर नव्हे. गाडी फोर-बाय-फोर असेल तर पुढचा एक्सलही मागच्याच रेशोचा लागतो, एवढं तरी माझ्या मेहुण्यालाही मान्य आहे.